कृष्णधवल छायामुद्रणाचा कागद

काळा, पांढरा व त्यांच्या दरम्यानच्या करड्या छटा एवढ्यांतच सामावणारी छायाचित्राची प्रत ज्या कागदावर उतरविली जाते, त्या कागदाचा या नोंदीत विचार केला आहे. रंगीत मुद्रणात कागदाचे पुष्कळसे दोष रंगांच्या गर्दीत लपून जातात. कृष्णधवल मुद्रणात तसा आडोसा नसतो. चित्रातील सर्वांत उजळ जागा म्हणजे शाई किंवा रौप्यकण न लागलेला नुसता कागदच असतो. सर्वांत गडद जागा किती गडद दिसेल, हेही बऱ्याच अंशी कागदाच्या पृष्ठभागावर अवलंबून असते. छायामुद्रणाच्या रासायनिक पद्धती गेल्या सु. १८० वर्षांत अनेकदा बदलल्या आणि आता मुद्रण इंकजेट यंत्राने, म्हणजे शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर फवारून होऊ लागले आहे. तथापि कागदाचा तंतू कोणता, त्याला खळ कशाची, त्यावर लेप कोणता आणि त्याचा पांढरेपणा खरा किती, हे चार प्रश्न प्रत्येक काळात पुनःपुन्हा विचारावे लागले आहेत. अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्हा व निजामशाहीचा जुना मुलूख यांतील उदाहरणांच्या आधारे हा इतिहास विशेष स्पष्टपणे मांडता येतो.

पूर्वपीठिका : मलिक अहमदने १४९० मध्ये स्वतंत्र निजामशाही स्थापन केली तेव्हा त्याचे ठाणे जुन्नर येथे होते. अहमदनगर शहराची उभारणी १४९४ मध्ये सुरू झाली व १४९९ मध्ये दौलताबादचा किल्ला निजामशाहीत आला. दख्खनमधील हातकागदाची दोन नामांकित केंद्रे, जुन्नर आणि दौलताबादजवळील कागजीपुरा, अशा रीतीने एकाच राज्यात आली. ‘जुन्नरी’ व ‘दौलताबादी’ ही कागदांची नावे पुढे पेशवाईतील दप्तरांतही रूढ राहिली. चिंध्या, जुनी दोरखंडे व गोणपाट कुटून केलेल्या लगद्याचा ताव उचलून वाळवीत, त्याला पिठाची खळ देत आणि गुळगुळीत दगडाने तो घोटीत. खळ व घोटाई या दोन क्रिया नीट झाल्या नाहीत, तर बोरूने लिहिलेले अक्षर फुटते, म्हणजे शाई तंतूंतून पसरते व काळेपणा मंदावतो. ही शाई मुख्यतः काजळीची असे. मोडी कागदपत्रांतील अक्षरे दोन-तीनशे वर्षांनंतरही काळीभोर दिसतात त्याचे कारण हेच, की काजळी म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन होय व प्रकाशाने तो विटत नाही. ही गोष्ट येथे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की आजच्या उत्तम इंकजेट यंत्रांतील काळ्या शाईचे रंगद्रव्यही कार्बनच असते. शाईची जात फिरून तेथेच आली आहे. कागदाच्या बाबतीत मात्र तसे सरसकट म्हणता येत नाही.

रौप्यमुद्रणाचा काळ : विल्यम हेन्री फॉक्स टॉलबट यांनी १८३० नंतरच्या दशकात मिठाच्या व सिल्व्हर नायट्रेटाच्या विद्रावांनी कागद प्रकाशसंवेदी करण्याची युक्ती शोधली. या ‘लवणित’ कागदात प्रतिमा तंतूंच्या आतच तयार होते, त्यामुळे तिचा पोत मऊ व काळेपणा बेताचा असतो. त्या वेळच्या प्रयोगकारांना कागदाची निवड फार जपून करावी लागे. इंग्लंडमधील कागदाला जिलेटिनाची, तर फ्रान्समधील कागदाला बहुधा पिठाची खळ असे आणि त्यानुसार प्रतिमेची छटा तांबूस वा जांभळट अशी पालटत असे. लुई देझिरे ब्लांकार-एव्हरार यांनी १८५० मध्ये अंड्यातील पांढऱ्या भागाचा लेप दिलेला कागद प्रचारात आणला. त्यामुळे प्रतिमा तंतूंत न शिरता वरच्या लेपात राहू लागली, बारकावे उठून दिसू लागले व काळा रंग अधिक गडद झाला. मात्र हा लेप काळाने पिवळा पडतो. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक जुन्या प्रतींना जो तपकिरी-पिवळा रंग दिसतो व जो ‘जुन्या फोटोचा रंग’ म्हणून लोकांच्या मनात बसला आहे, तो पुष्कळदा मूळचा नसून या क्षयाचा परिणाम असतो.

मुंबई इलाख्यात ही विद्या फार लवकर पोहोचली. ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ १८५४ मध्ये स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी निगडित होते. त्याच सुमारास प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याचे काम सरकारने तोफखान्यातील कॅप्टन टॉमस बिग्ज यांच्याकडे व त्यांच्यानंतर डॉ. विल्यम हेन्री पिगू यांच्याकडे सोपविले. बिग्ज यांच्या व्यस्त प्रतीसुद्धा कागदीच होत्या. या कामातील विजापूरविषयक ग्रंथ १८६६ मध्ये निघाला तेव्हा त्यात अंडलेपित कागदावरील प्रती प्रत्यक्ष चिकटविलेल्या होत्या [⟶ छायाचित्रण].

विल्यम विलिस यांनी १८७३ मध्ये प्लॅटिनम मुद्रणाचे एकस्व घेतले. यात लेप जवळजवळ नसतोच. प्लॅटिनमाचे कण सुती कागदाच्या तंतूंत बसतात. त्याचा काळेपणा मोजमापाने कमी भरतो, पण मधल्या करड्या छटांची श्रीमंती व टिकाऊपणा या दोन गुणांत त्याची बरोबरी क्वचितच होते. पहिल्या महायुद्धात प्लॅटिनम दुर्मिळ व महाग झाल्याने हा कागद बाजारातून जवळजवळ नाहीसा झाला.

सर्वसामान्यांच्या घरात पोहोचला तो मात्र जिलेटीन-रौप्य कागद. मराठीत छायाचित्राच्या प्रतीला पुष्कळ दिवस ‘ब्रोमाइड’ म्हणत ते यातील सिल्व्हर ब्रोमाइडामुळे. या कागदाची घडण नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण आजचे इंकजेट कागद तिचीच नक्कल करतात. तळाशी शुद्ध कागद. त्यावर जिलेटिनात मिसळलेल्या बेरियम सल्फेटाचा पांढरा थर, ज्याला ‘बॅरिटा’ म्हणतात. आणि त्यावर प्रकाशसंवेदी पायस. बॅरिट्यामुळे तंतूंचे खाचखळगे बुजतात, पायस कागदात मुरत नाही आणि पांढरेपणा रासायनिक चकाकीवाचून वाढतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत हा थर सर्रास वापरात आला. लिओ बेकलंड यांनी १८९३ मध्ये काढलेला ‘व्हेलॉक्स’ कागद कृत्रिम प्रकाशात मुद्रण करण्यास सोयीचा होता. १८९९ मध्ये त्याचे हक्क कोडॅकने घेतले. पुढे व्यस्त प्रतीच्या स्वरूपानुसार सौम्य ते कडक असे क्रमांक लावलेले कागद मिळू लागले आणि १९४० मध्ये इल्फर्डने एकाच कागदातून निरनिराळी छटांतरे देणारा ‘मल्टिग्रेड’ कागद आणला.

भारतात उदकमंडलम येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या सरकारी ‘हिंदुस्तान फोटो फिल्म्स’ या कारखान्याचा माल ‘इंदू’ या नावाने विकला जात असे. आयातीवर निर्बंध असताना लहान गावांतील छायाचित्रकारांना त्याचा मोठा आधार होता. हा कारखाना २०१० नंतरच्या दशकात बंद झाला.

प्लॅस्टिकचा (पॉलिएथिलिनाचा) थर असलेला कागद १९७० नंतर आला व त्याने एक जुनी अडचण दूर केली. साध्या बॅरिटा कागदातून ‘हायपो’ पूर्णपणे निघून जाण्यासाठी तो तासभर वाहत्या पाण्यात धुवावा लागे. प्लॅस्टिकयुक्त कागदास काही मिनिटे पुरत. वर्षातून चार-चार महिने टँकरची वाट पाहणाऱ्या अवर्षणप्रवण तालुक्यांत ही सवलत किती मोलाची होती, हे निराळे सांगावयास नको. अपुऱ्या धुण्याने डागाळलेल्या व पिवळ्या पडलेल्या जुन्या प्रती घरोघर आढळतात. त्यांचा दोष सर्वस्वी छायाचित्रकाराच्या माथी मारणे योग्य नाही. त्यात पाण्याच्या टंचाईचाही वाटा असू शकतो.

जिल्ह्यातील दोन उदाहरणे : पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागातील हेन्री कझिन्स यांनी दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवर लिहिलेला ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. अकोले तालुक्यातील रतनवाडीचे अमृतेश्वर, कोपरगावजवळील कोकमठाण व श्रीगोंदे तालुक्यातील पेडगाव येथील मंदिरांचा त्यात समावेश आहे. ही सर्व मंदिरे काळ्या पाषाणाची. काळ्या दगडावरील कोरीव काम एकरंगी चित्रात दाखविणे ही कागदाची खरी कसोटी असते, कारण सारी माहिती गडद छटांतच असते. स्तंभावरील कीर्तिमुख व त्यामागची सावली यांत उजेडाचा फरक अगदी थोडा. कागदाचा काळा जर उथळ असेल तर दोन्ही एकच करडा ठिपका होऊन जातात. पेडगावच्या लक्ष्मीनारायण मंदिराची जी झीज नंतरच्या काळात झाली असेल, ती मोजण्यास जुनी छायाचित्रे हाच आधार असतो. तेव्हा अशा चित्राची नवी प्रत काढताना गडद छटा गमावणे म्हणजे पुरावा गमावणे होय. अहिल्यानगर शहरातील दमडी मशिदीच्या (१५६७–६८) कोरीव दगडाबाबत व शहाडोंगरावरील सलाबतखानाच्या अष्टकोनी तिमजली कबरीबाबत, जिला लोक चुकीने चांदबिबीचा महाल म्हणतात, हेच लागू आहे. मात्र कबरीच्या कोऱ्या भिंतींना कडक उन्हात उजळ छटांचे भान अधिक राखावे लागते.

दुसरे उदाहरण शिर्डीचे. साईबाबांची (समाधी १९१८) त्यांच्या हयातीत घेतलेली छायाचित्रे मोजकीच आहेत. त्यांच्या प्रती मात्र अगणित. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून पुन्हा प्रत अशी परंपरा चालली की प्रत्येक पायरीला छटांतर कडक होत जाते. चेहऱ्यावरील मधल्या छटा प्रथम जातात, वस्त्राच्या चुण्या पांढऱ्यात विरतात, डोळ्यांभोवतीच्या सावल्या काळ्यात बुडतात. मग कोणी तरी ब्रशाने त्या रेखून काढतो आणि पुढची प्रत त्या रेखाटनाची होते. भक्ताच्या श्रद्धेला याने बाध येत नाही, परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला मूळ व्यस्त प्रतीच्या जितके जवळ जाता येईल तितके जावे लागते. जी जुनी प्रत हाती येईल तिचे उच्च प्रतीचे अंकीय प्रतिरूप घ्यावे व मधल्या छटा सांभाळणाऱ्या कागदावरच ते उतरवावे, एवढेच आज करता येण्यासारखे आहे. अरणगावजवळील मेहेराबाद येथील मेहेरबाबांच्या (१८९४–१९६९) काळातील छायाचित्रांची स्थिती त्या मानाने पुष्कळच बरी, कारण तोपर्यंत कॅमेरा सुलभ झाला होता.

इंकजेट मुद्रण : १९९० च्या सुमारास छपाईपूर्व नमुने काढण्याच्या ‘आयरिस’ यंत्रांवर कलाकृतींच्या प्रती काढण्यास अमेरिकेत प्रारंभ झाला. त्यांतील शाई विद्राव्य रंजकद्रव्यांची होती व काही वर्षांतच ती विटे. रंगद्रव्ययुक्त शाईची छायाचित्र-मुद्रणयंत्रे २००० पासून सर्वसामान्य ग्राहकाच्या आवाक्यात येऊ लागली. कृष्णधवल मुद्रणाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना २००५ ची. त्या वर्षी एप्सनने काळी, फिकट काळी व अतिफिकट काळी अशा तीन शायांचा संच आणला. एकाच काळ्या शाईचे विरळ ठिपके टाकून करडा रंग साधावा लागे तेव्हा उजळ भाग खरखरीत दिसे; रंगीत शायांच्या मिश्रणाने तो साधावा, तर दिव्याच्या उजेडात एक आणि उन्हात दुसरीच झाक दिसे. तीन काळ्यांनी या दोन्ही व्याधी बऱ्याच कमी झाल्या. योगायोग असा, की त्याच २००५ मध्ये कोडॅकने कृष्णधवल रौप्यकागदाचे उत्पादन थांबविण्याची घोषणा केली.

इंकजेट कागदाचे दोन मुख्य वर्ग पडतात. पहिला झळाळीविरहित सुती कागद. कापसाच्या तंतूंच्या तावावर सिलिका इ. द्रव्यांचा सच्छिद्र लेप असतो. तो शाईतील पाणी शोषून घेतो व रंगद्रव्य पृष्ठालगत धरून ठेवतो. जर्मनीतील हानेम्यूले (स्थापना १५८४) या गिरणीचा दर चौ.मी.ला ३०८ ग्रॅम वजनाचा ‘फोटो रॅग’ हा याचा परिचित नमुना. दुसरा वर्ग बॅरिटा कागदांचा. यात लेपाखाली रौप्यकागदाप्रमाणेच बेरियम सल्फेटाचा थर असून पृष्ठभागाला मंद झळाळी असते. फ्रान्समधील कान्सोंचा ‘बॅरिटा फोटोग्राफिक’ या वर्गात मोडतो. दोहोंसाठी काळी शाईही वेगळी लागते. एकाची दुसऱ्यावर वापरल्यास काळा धुरकट होतो किंवा शाई वर तरंगून पुसली जाते.

या दोन वर्गांतील अंतर आकड्यांनी चांगले कळते. काळेपणाची घनता लघुगणकात मोजतात. झळाळीविरहित कागदावर ती सु. १.६ ते १.७ पर्यंत जाते, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी दोन ते अडीच टक्के परत येतो. चांगल्या बॅरिटा कागदावर ती २.३ च्या आसपास असते व अर्धा टक्काच प्रकाश परततो. हे अंतर चार-पाच पटींचे आहे. म्हणून पावसात भिजलेले रतनवाडीचे मंदिर, गाभाऱ्याचा अंधार, खोल कोरीव काम यांसाठी बॅरिटा कागद निवडावा असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. याच्या उलट लवणित वा प्लॅटिनम प्रतींची प्रतिकृती, जुनी कागदपत्रे व मऊ उजेडातील व्यक्तिचित्रे सुती कागदावरच शोभतात. तेथे काळ्याची खोली वाढविल्यास मूळ कृतीत नसलेला कडकपणा येतो. चौकटीत काचेमागे लावावयाच्या प्रतीबाबत हा वाद निम्मा संपतो, कारण साध्या काचेवरील प्रतिबिंबच काळ्याला फिकट करते.

पांढरेपणाच्या बाबतीत ग्राहकांची बहुधा फसगत होते. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या तावांपैकी निळसर शुभ्र ताव डोळ्यांत भरतो. तो शुभ्रपणा पुष्कळदा प्रकाशीय शुभ्रकारकांचा असतो. कपड्यांच्या साबणचुऱ्यातही हीच द्रव्ये असतात. ती अदृश्य जंबुपार किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. कालांतराने त्यांची ही शक्ती संपते व ताव आपल्या मूळच्या पिवळसर रंगावर येतो. रंगीत चित्रात हा पालट खपून जातो, कृष्णधवल चित्राचा मात्र सर्व समतोल ढळतो. शुभ्रकारकविरहित कागद नवा असतानाच किंचित सायीच्या रंगाचा असतो, पण तो पुढेही तसाच राहतो. संग्रहालयासाठी किंवा कुटुंबाच्या पुढील पिढ्यांसाठी काढावयाची प्रत अशा कागदावरच असावी. स्वस्त कागदातील लाकडी लगद्याचे लिग्निन व आम्लता हे आणखी दोन शत्रू. आंतरराष्ट्रीय मानक ९७०६ नुसार टिकाऊ कागदात आम्ल निष्प्रभ करणारा कॅल्शियम कार्बोनेटासारखा क्षारीय साठा असावा लागतो. काळजीपूर्वक शुद्ध केलेला लाकडाचा आल्फा सेल्युलोजही चांगला टिकतो. ‘कापूस तेवढा टिकाऊ’ हा समज अतिशयोक्त आहे.

देशी हातकागदाचा विचार येथे साहजिकच मनात येतो. पुणे येथे १९४० मध्ये स्थापन झालेल्या हातकागद संस्थेने सुती चिंध्यांपासून उत्तम कागद करण्याची परंपरा जागती ठेवली. त्यावर इंकजेट लेप नसल्याने शाई तंतूंत पसरते व काळा करडा दिसतो. बोरूचे अक्षर फुटावे तसाच हा प्रकार. लेपद्रव्य हाताने देऊन तो काही प्रमाणात सुधारतो, पण सुटा धागा किंवा जाड कडा यंत्राच्या तोंडाशी घासून नुकसान होण्याचा धोका राहतो. लवणित, प्लॅटिनम इ. हाताने करावयाच्या मुद्रणासाठी मात्र असा कागद अधिक स्वाभाविक होय.

हवामान व जतन : एकाच जिल्ह्यात कागदाला दोन टोकांची हवा सोसावी लागते. मध्य व पूर्व भागात वार्षिक पाऊस बहुतांशी ५०० ते ६०० मिमी. च्या घरात, सह्याद्रीच्या माथ्यावरील घाटघर–रतनवाडी परिसरात तो त्याच्या कित्येक पट. उन्हाळ्यात कर्जत-जामखेडकडे कोरड्या हवेने जाड ताव वळतो व त्याच्या कडा यंत्रात घासतात. पावसाळ्यात अकोल्याकडे लेप ओलावा धरतो, शाई उशिरा वाळते आणि बुरशी चढते. सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्के राखता आल्यास उत्तम. ते अशक्य असेल तेथे कागदाचे पाकीट काम संपताच बंद करावे व मुद्रणापूर्वी एक दिवस ताव खोलीच्या हवेत सपाट ठेवावा. सच्छिद्र लेप वायूंनाही आत घेतो. म्हणून देव्हाऱ्याजवळ उघडी टांगलेली प्रत उदबत्तीच्या धुराने लवकर मळते. तिला काच आवश्यक. मुद्रणानंतर निदान चोवीस तास वाळू दिल्याखेरीज चौकट लावल्यास काचेच्या आतून शाईतील द्रावकाचे धुके जमते.

निवड करताना मोठी प्रत काढण्याआधी त्याच चित्राचा अरुंद पट्टा दोन-तीन कागदांवर काढून पाहण्याची अंधाऱ्या खोलीतील जुनी रीत अजूनही सर्वांत विश्वसनीय आहे. पट्ट्यात चित्रातील सर्वांत गडद व सर्वांत उजळ असे दोन्ही भाग यावेत. तो दुसऱ्या दिवशी, प्रत जेथे लावावयाची तेथील उजेडात पाहावा. संगणकाचा पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद केवळ परत पाठवितो. निवड पक्की झाल्यावर कागदाचे नाव, शाईचा संच, तारीख व मूळ व्यस्त प्रत कोठे आहे याची नोंद प्रतीच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने करावी. बॉलपेनाची शाई पुढे झिरपते व टोकाचा दाब चित्राच्या बाजूस उमटतो.